मँगनीज, वैनगंगा आणि रसायनशास्त्राचा विद्यार्थी

संशोधन हा शब्द उच्चारतांच भव्य प्रयोगशाळा आणि केस पिकलेले पंडित डोळ्यांपुढें येतात. "आधीं पदवी तर पदरांत पडूं द्या, संशोधनाचें मागाहून पाहूं," असें मग पालकही म्हणतात. परंतु रसायनशास्त्राचा इतिहास निराळें सांगतो. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजण्याची जी रीत जगभर अद्यापि चालते, ती हंगेरींतील लायोश विंकलर यानें १८८८ सालीं प्रसिद्ध केली; त्या वेळीं तो अवघा २५ वर्षांचा होता.

ही रीत आपल्या जिल्ह्यास विशेष जवळची आहे. कुपींत काठोकाठ भरलेल्या पाण्यांत मँगनीज सल्फेट आणि दाहक सोडा मिसळलेलें आयोडाइड घालतात. प्राणवायु असल्यास तपकिरी साका बसतो. मुळींच नसल्यास तो पांढराच राहतो. नंतर आम्ल घातलें म्हणजे प्राणवायूच्या प्रमाणांत आयोडीन मोकळें होतें, व तें थायोसल्फेटनें मोजतां येतें. तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्याच खाणी आहेत. तेव्हां या धातूचा आपणांस परिचय आहे. प्रश्न एवढाच, कीं त्याच्या साहाय्यानें काय मोजावें?

उत्तर दाराशींच वाहत आहे. नागपूरचें सांडपाणी नाग नदींतून कन्हानेंत व तेथून वैनगंगेंत येतें आणि गोसीखुर्दच्या जलाशयांत सांठतें. दरमहा त्याच जागीं, त्याच वेळीं नमुना घेऊन प्राणवायु मोजल्यास ही उपयुक्त नोंद होईल. मात्र घाईनें निष्कर्ष काढूं नये. २० अंश सेल्सियस उष्णतेच्या गोड्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांस सुमारें साडेसातच. म्हणून मे महिन्यांतील घट ही सर्वस्वी घाणीमुळें झाली असें म्हणतां येत नाहीं. कारण आणि योगायोग वेगळे ओळखणें, हेंच खरें संशोधन होय. मोजमाप ही त्याची केवळ पहिली पायरी.

पदवीच्या विद्यार्थ्यांस यासाठीं आज अनेक वाटा मोकळ्या आहेत. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन राष्ट्रीय अकादमींच्या सहकार्यानें निवडक विद्यार्थ्यांस उन्हाळ्यांत दोन महिने शास्त्रज्ञांच्या हाताखालीं काम देते, व त्यासाठीं विद्यावेतनही मिळतें. मुंबईचें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांकरितां असाच उपक्रम चालवितें. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें चार वर्षांच्या पदवीक्रमांत संशोधनास स्थान दिलें आहे. नागपूरची 'नीरी' ही पर्यावरणाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९५८ पासून आहे. त्याच नगरांत कामठीचे मँगनीज-खाणमालक रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रांतील देणगीवर १९४२ सालीं रसायन-तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली. म्हणजे खाणींतलें धन एकदां विद्येकडे वळलेंच आहे.

पालकांस विनंती एवढीच, कीं उन्हाळ्याचे ते दोन महिने वायां गेले असें समजूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, पदवीची वाट पाहत बसूं नका. शिक्षकांच्या देखरेखीखालीं कुपी भरा, तारीख लिहा, उष्णता टिपा. जी नदी आपली तहान भागविते, तिचें आरोग्य जाणून घेण्यास आपल्याहून अधिक अधिकारी कोण?