दुर्बीण मोठी नको, स्थिर हवी

वर्धा, प्रतिनिधी

हिवाळा सुरू झाला, की विदर्भातील जलाशयांवर पट्टकादंब, चक्रवाक आदी स्थलांतरित पक्षी उतरू लागतात आणि पक्षिनिरीक्षकांची पावले जिल्ह्यातील तलाव-धरणांकडे वळतात. दर जानेवारीत आशियातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते. हौशी निरीक्षकांनी टिपलेले आकडेच या गणनेचा मुख्य आधार असतात. मात्र दूरवर पाण्यात विसावलेला थवा हातातील दुर्बिणीतून मोजू लागले, की थोड्याच वेळात चित्र हलते, मोजणी चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अशा वेळी बहुतेकांना अधिक शक्तीची दुर्बीण विकत घ्यावीशी वाटते. प्रत्यक्षात दोष बहुधा शक्तीचा नसून थरथरत्या हाताचा असतो आणि त्यावरील इलाज नव्या दुर्बिणीपेक्षा बराच स्वस्त आहे.

आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८ x ४२, १० x ५० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल हे सांगतो, तर दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. १० x ५० मध्ये ती ५ मिलिमीटर भरते. पहाटेच्या अंधूक उजेडात हा झोत जितका जाड, तितके चित्र उजळ दिसते.

शक्ती वाढते तसे दृश्याचे क्षेत्र साधारणपणे आक्रसते. शिवाय हाताचा कंपही जवळपास तितक्याच पटीने वाढतो. म्हणूनच हातात धरून पाहण्यासाठी ७ ते १० पट शक्ती पुरेशी मानली जाते. २० x ८० सारखी दुर्बीण दोन किलोच्या आसपास वजनाची असते. ती हातात धरून काही मिनिटांपेक्षा अधिक काळ पाहणे अशक्यप्राय ठरते.

लोलकांची करामत

साध्या दोन भिंगांतून दिसणारे चित्र उलटे असते. ते सुलटे करण्यासाठी दुर्बिणीच्या प्रत्येक नळीत काचेचे लोलक बसवलेले असतात. इटलीतील इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये अशा लोलकरचनेचे पेटंट घेतले. पुढे जर्मनीत अर्न्स्ट आबे यांच्या आराखड्यानुसार झाइस कंपनीने १८९४ पासून लोलकांच्या दुर्बिणी विक्रीस आणल्या. पुढील भिंगे डोळ्यांपेक्षा अधिक अंतरावर असलेली रुंद खांद्यांची दुर्बीण ती हीच. सरळ नळ्यांची सुटसुटीत दुर्बीण 'रूफ' लोलकांची असते. तिचे लोलक अधिक अचूक घडवावे लागत असल्याने त्याच दर्जाची पोरो दुर्बीण सहसा स्वस्त पडते.

ट्रायपॉडवर कशी बसवावी

दोन नळ्यांना जोडणाऱ्या मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला अनेक दुर्बिणींत एक लहानसे झाकण असते. ते फिरवून काढले, की आत आट्यांचे छिद्र दिसते. कित्येकांना ते वर्षानुवर्षे ठाऊकही नसते. या छिद्रात काटकोनी पट्टी बसवायची आणि तिचा खालचा भाग कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कसायचा. पट्टी शक्यतो धातूची घ्यावी. प्लास्टिकची लवते आणि चित्र पुन्हा डोलू लागते. छिद्रच नसेल, तर दुर्बीण पट्ट्याने बांधून ठेवणारी बैठकही चालते.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवावेत, मधला दांडा शक्यतो वर काढू नये आणि वारा असल्यास खाली पिशवी टांगावी. दुर्बीण बसवल्यावर नळ्यांमधील अंतर आपल्या डोळ्यांनुसार जुळवावे. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे. त्यानंतर डावा डोळा मिटून उजव्या नेत्रिकेवरील कडे फिरवावे. हे प्रत्येकाने स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

ट्रायपॉड नसल्यास तांदूळ किंवा सरकी भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर दुर्बीण टेकवली, तरी फरक लगेच जाणवतो.

मोजणी आणि आकाश

स्थिर दुर्बिणीमुळे दोन्ही हात वहीसाठी मोकळे राहतात. काठावरील झाड, खडक अशा खुणा धरून जलाशयाचे भाग पाडता येतात आणि डावीकडून उजवीकडे क्रमाने मोजता येते. दुर्बीण न हलवता सोबत्याला तोच थवा दाखवून आकडा पडताळताही येतो. नवख्या विद्यार्थ्याला 'तो बघ, तिथे' असे सांगत बसावे लागत नाही.

रात्री हीच जोडणी आकाशदर्शनास उपयोगी पडते. कृत्तिकांचा पुंज, मृगातील तेजोमेघ, गुरूचे चार मोठे चंद्र १० x ५० मधून दिसतात. हातात थरथरणाऱ्या दुर्बिणीत मात्र चंद्रांचे ते बारीक ठिपके सहज हरवतात. डोक्यावरील आकाश पाहताना मान अवघडते, त्यामुळे क्षितिजापासून अर्ध्या उंचीपर्यंतचे आकाश निवडावे. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. दृष्टी कायमची जाऊ शकते.

बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे जाताना वन विभागाचे नियम पाळावे लागतात आणि पाण्यापासून दूर राहूनच पाहणे पक्ष्यांच्याही हिताचे असते. हे अंतर भरून काढायचे, तर आधी घरातील दुर्बिणीचे ते लहानसे झाकण उघडून पाहावे.