कुऱ्हाडीचा दांडा

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणीचा वाक्यात उपयोग करून आपण सर्वांनीच शाळेत गुण मिळविले आहेत. इसापाच्या गोष्टीतही झाडांनी माणसाला दांड्यापुरते लाकूड दिले आणि ती पस्तावली. पण हा दांडा करतात कसा, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. ते शिकण्याची पाळी एका अपघाताने आणली.

आमच्या घरी आजोबांच्या वेळची एक कुऱ्हाड आहे. तिचा दांडा ढिला झाला, की ती रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची, हा आमचा रिवाज. सकाळी दांडा घट्ट! दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी सरपण फोडीत असताना पाते निसटले आणि ओट्यावर बसलेल्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावरून जाऊन मागच्या कुडात रुतले. वीतभर खाली असते तर... असो. त्याच संध्याकाळी ते पाते घेऊन मी गावच्या सुतारआजोबांकडे गेलो.

त्यांनी पहिल्यांदा आमच्या बादलीचीच हजेरी घेतली. “पाण्यानं लाकूड फुगतं पोरा, पण लोखंडाचं नेढं मोठं होत नाही. मग लाकूड आतल्या आत चेंगरतं. वाळलं, की पहिल्यापेक्षा बारीक!” नेढे म्हणजे पात्यातील दांडा बसण्याचे भोक. म्हणजे ज्याला आम्ही उपाय समजत होतो, तेच दुखण्याचे मूळ होते.

नेढ्यात अडकलेला जुना खुंट चुलीत जाळून काढावा, असे मला वाटले होते. त्यांनी हात धरला. पात्याच्या धारेला लोहाराने दिलेले ‘पाणी’ दोन-तीनशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेनेही उतरू लागते आणि धार मऊ पडते. म्हणून खुंटाला गिरमिटाने भोके पाडली आणि तो ठोकून बाहेर काढला.

आता लाकूड. दांड्याला चिवट लाकूड हवे. नुसते कठीण लाकूड हादऱ्याने तडकते. धामण, धावडा, तिवस ही या कामाची नावाजलेली झाडे. परंतु तिवस तोडायला आपल्या राज्यात १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आम्ही बांधावरच्या बाभळीची एक सरळ, बिनगाठीची फांदी घेतली. ती करवतीने उभी न चिरता पाचर ठोकून फाडली. करवत रेषांना छेदून जाते. फाडलेले लाकूड मात्र आपल्या रेषेनेच फाटते. दांड्यात या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असल्या पाहिजेत. मध्येच बाजूला निघून गेल्या, तर दांडा नेमका तेथेच मोडतो. बाहेरचे पांढरट लाकूड किडते, म्हणून आतले तांबूस तेवढे ठेवले.

एवढे झाल्यावर सुतारआजोबा म्हणाले, “आता पुढच्या दिवाळीला ये.” मी हिरमुसलो. पण ओले लाकूड वाळताना आडवे बरेच आकसते, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. ओला दांडा आज कितीही घट्ट बसविला, तरी उन्हाळ्यात तो नेढ्यात खुळखुळणारच. टोकांना मेण लावून, म्हणजे ती लवकर वाळून तडकत नाहीत, लाकूड वर्षभर माळ्यावर सावलीत ठेवले.

गेल्या दिवाळीत प्रत्यक्ष काम झाले. लांबी माझ्या काखेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारे सव्वादोन फूट. वाकसाने ओबडधोबड तासून पुढे कानस चालविली. दांडा गोल न करता लंबगोल केला. गोल दांडा मुठीत फिरतो. लंबगोल असला, की धार कोणीकडे आहे हे हातालाच कळते. शेवटी थोडी गाठ ठेवली, म्हणजे तो हातातून सुटत नाही. काचेच्या तुकड्याने खरवडून तो गुळगुळीत केला.

खरी परीक्षा बसवणीची. नेढ्याच्या आत काजळी लावायची, दांडा घालून काढायचा आणि जेथे काळे लागेल तेवढेच तासायचे. असे मी वीसेक वेळा केले. मग एक गंमत पाहिली. पाते खाली लोंबकळेल असा दांडा अधांतरी उभा धरून त्याच्या वरच्या टोकावर मोगरीने ठोकले, तर पाते गळून पडण्याऐवजी दांड्यावर वर चढू लागले! जड पाते जडत्वामुळे जागीच राहते आणि दांडाच त्यातून खाली सरकतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील जडत्व मला तेथे समजले. नंतर नेढ्यातून थोड्या बाहेर आलेल्या टोकाला आधीच घेतलेल्या चिरेत सुक्या खैराची पाचर ठोकली आणि दांड्याला जवसाचे तेल चोळले.

“पाचरीच्या भरवशावर राहू नको,” सुतारआजोबा म्हणाले, “पाचर राखण करते. धरून ठेवते ती बसवणी.”

वर्षभर ती कुऱ्हाड आमच्याकडे रोज वापरात आहे. दर वेळी हातात घेतली, की आधी पाते हलवून पाहतो आणि आसपास कोणी बसले नाही ना, हेही पाहतो. बादली मात्र आता फक्त पाणी भरण्यासाठीच वापरली जाते.