जुना लॅपटॉप : आधी हिशेब, मग दुरुस्ती

पेढीवर वापरलेला लॅपटॉप घेतला जातो तो काटकसर म्हणून. परंतु आवाज न येणे, चार्जिंग न होणे आणि अति तापणे या तीन तक्रारींनी ती काटकसर महाग पडू शकते. यास्तव यंत्र सुरू आहे तोवरच खातेवह्यांची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

आवाज येत नसेल तर इअरफोन लावून पाहावा. त्यात आवाज आला तर दोष बहुधा स्पीकरचा. न आल्यास ड्रायव्हर व सेटिंग तपासावी. पुष्कळदा आवाज केवळ ब्लूटूथकडे वळलेला असतो.

गोल पिनचा चार्जर बदलताना व्होल्ट मूळ चार्जरइतकेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतात. विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता, दोन्ही मिळतात. ५० वॅट-तासांची बॅटरी २० वर आली असेल, तर ४० टक्केच शक्ती शिल्लक आहे.

यंत्र गादीवर ठेवल्यास हवेची वाट बंद होते. ते कठीण, सपाट जागी ठेवावे. तरीही तापत असेल तर पंख्यातील धूळ काढून घ्यावी आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंग त्वरित थांबवावे. ती टोचू वा दाबू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. जाणकाराकडून काढून ई-कचरा केंद्रात द्यावी. तेथे आगीचा धोका असतो; त्या ठिकाणी काटकसर करू नये.