सुईच्या भोकातून मोजलेला आकडा

मोल शिकलेल्या प्रत्येकाला ६.०२२ × १०²³ पाठ असतं. हे कण मोजले कुणी, ते मात्र वर्गात क्वचितच निघतं. ज्यांच्या नावाने हा आकडा ओळखला जातो, त्या ॲव्होगाड्रोंनी तर नाहीच. समान तापमान आणि दाबाला समान आकारमानाच्या वायूंत समान रेणू असतात, एवढंच त्यांनी १८११ मध्ये मांडलं. ते १८५६ मध्ये वारले, तेव्हा हा आकडा कुणालाच ठाऊक नव्हता. १८६५ मध्ये लोश्मिट यांनी हवेच्या रेणूच्या आकाराचा अदमास बांधला, तोही ओबडधोबडच.

खरी मोजदाद १९०८ च्या सुमारास पॅरिसमध्ये झाली. झाँ पेरँ यांनी गँबोज नावाचा पिवळा डिंक घेतला. (जलरंगांत हे नाव अजून भेटतं, झाड आपल्या कोकमाचं भाऊबंद.) किलोभर डिंक महिनोन्‌महिने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला, तेव्हा एकसारखे कण हाती लागले ते ग्रॅमभरही नाहीत! हे कण पाण्याच्या थेंबात हवेच्या रेणूंसारखेच वागतात: तळाशी दाटी, वर विरळ. हवा निम्मी विरळ व्हायला साधारण साडेपाच किलोमीटर चढावं लागतं, या कणांना ३० मायक्रॉन पुरले. सूक्ष्मदर्शकात सगळे एकदम दिसले तर मोजणार कसे? म्हणून पेरँनी नेत्रिकेत सुईने टोचलेला पत्रा बसवला. एका नजरेत पाच-सहाच कण दिसायचे. असे तेरा हजार मोजले. दर ३० मायक्रॉनला प्रमाण आलं १००, ४७, २३, १२. यावरून कण रेणूच्या किती पट जड ते कळलं, आणि कणाचं वजन ठाऊक असल्यामुळे रेणूचंही निघालं. उत्तर आलं ७.०५ × १०²³, म्हणजे सतरा टक्के जास्त. तरी मला हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. कणांच्या थरथरीवरून, आइनस्टाइनच्या सूत्राने काढलेला आकडाही त्याच्याच आसपास आला. अणू न मानणारे ओस्टवाल्डही मग नमले.

पुढे मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार काढला. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार, सुमारे ९६,४८५ कूलोम, विद्युत अपघटनावरून माहीत होताच. भागाकार केला की झालं. त्यांचं उत्तर ६.०६ × १०²³. हवेतून पडणाऱ्या थेंबांच्या हिशेबात हवेची श्यानता थोडी चुकीची धरली गेली होती, हे क्ष-किरणांनी स्फटिक मोजल्यावर उघड झालं.

स्फटिकांचाच रस्ता शेवटी सिलिकॉन-२८ च्या गोळ्यांपर्यंत गेला. वजन एक किलो, व्यास ९४ मिलिमीटरच्या आतबाहेर. सिलिकॉनच्या एका एकक कोशिकेत आठ अणू. कोशिकेची बाजू क्ष-किरणांनी मोजायची आणि गोळ्यात किती कोशिका मावतात ते पाहायचं. वरचा ऑक्साइडचा पापुद्राही हिशेबात धरावा लागतो.

२० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ × १०²³ हा आकडा व्याख्येनेच ठरला. आता त्याच गोळ्यांवरून, उलट दिशेने, किलोग्रॅम काढतात.