आयांच्या हातातला बाजार

एखाद्या शहराचा मध्य कोणाचा असतो, कधी विचार केलाय? आपल्याकडचा मुख्य चौक आठवा. रिक्षा, पानटपऱ्या आणि टपऱ्यांपुढे घोळका करून उभी पुरुषमंडळी. बाई तिथून जाते ती पिशवी सांभाळत, झपझप.

मणिपूरची राजधानी इम्फाळ. राज्य छोटं, पण या राजधानीच्या अगदी काळजाच्या जागी आहे ‘इमा कैथेल’. मणिपुरी भाषेत इमा म्हणजे आई आणि कैथेल म्हणजे बाजार. इथे विकायला बसतात फक्त बायका, त्याही लग्न झालेल्या किंवा विधवा. पुरुष येतात ते गिऱ्हाईक म्हणून, नाहीतर हमाल म्हणून! फणेक नेसलेल्या, खांद्यावर ओढणीसारखी इनाफी घेतलेल्या, कपाळावर गंध लावलेल्या या आयांपुढे भाज्या, मासे, हातमागाची कापडं असं सगळं मांडलेलं असतं. शेजारी सुकवून मुरवलेल्या ‘ङारी’ मासळीचा उग्र वास. आपल्याला नाक दाबावंसं वाटेल, पण तिथल्या एरोम्बाला त्याशिवाय चव नाही. आपल्याकडे सुकटीचं असतं ना, तसंच!

ही रीत आली कुठून? जुन्या राजवटीत पुरुषांना ठरावीक दिवस राजाची सक्तीची चाकरी करावी लागे. घरची शेती आणि खरेदी-विक्री बायकांनी उचलली. बाजारातली जागा मग आईकडून मुलीकडे किंवा सुनेकडे जाऊ लागली. आपल्याकडे सासू सुनेला पाटल्या देते, इथे रोजीरोटीची जागा देते.

या बायका नुसत्या तराजू धरून बसल्या नाहीत. 1939 साली तांदूळ राज्याबाहेर जाऊ लागला, भाव कडाडले. 12 डिसेंबरला बायका दरबारावर चालून गेल्या. सैनिकांनी मारलं, अनेकजणी जखमी झाल्या, पण त्या हटल्या नाहीत. ‘नुपी लान’, म्हणजे बायकांची लढाई, या नावाने मणिपूर तो दिवस आजही पाळतं.

म्हणजे सगळं आलबेल आहे, असं मात्र नाही. 2010 मध्ये बाजाराच्या नव्या इमारती झाल्या, तरी जागा न मिळालेल्या कितीतरी जणी बाहेर फुटपाथवर बसून विकत राहिल्या. 2016 च्या जानेवारीतल्या भूकंपाने इमारतींना तडे गेले. आणि 3 मे 2023 पासून मैतेई आणि कुकी समाजांत जी हिंसा पेटली, तिने दोनशेहून अधिक जीव घेतले, हजारो घरं उठवली. खोरं आणि डोंगर यांच्यातली वाट तुटली. आयांचा बाजारही ते थांबवू शकला नाही. मुलं गमावलेल्या आया तर दोन्हीकडे होत्या.

तरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बाईने कष्ट करणं आपल्याला नवं नाही. पण कष्टाची जागा तिच्या नावावर असणं, हे अजून नवंच आहे. आपल्या आठवडी बाजारातली मावशी उन्हात गोणपाटावर बसते. तिला ना ओटा, ना नळ, ना संडास. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींमध्ये एक तृतीयांश बायका हव्यात. आपल्या गावच्या समितीत कोण कोण आहे, एकदा नगरपालिकेत जाऊन विचारा तर!

एकटीने नको, चौघी मिळून जा.