निवृत्त पोलीस शाळेच्या दारात : कायदा काय सांगतो?

छत्तीसगडमधल्या भिलाईतल्या जुनवानीसारख्या शाळा-महाविद्यालयांच्या वस्तीत निवृत्त पोलीस सुरक्षारक्षक नेमता येतो. खासगी सुरक्षा एजन्सींचा 2005 चा कायदा माजी सैनिक, पोलीस आणि होमगार्डना प्राधान्य देण्याची मुभा देतो. केंद्राच्या आदर्श नियमांत नव्या रक्षकाला 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर प्रशिक्षण आहे. माजी पोलिसाला अनुक्रमे 40 आणि 16 तास पुरतात. मात्र वयाची मर्यादा 65. महाराष्ट्राचं उदाहरण घेतलं, तर तिथे पोलीस शिपाई 58 व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे हाताशी जेमतेम सात वर्षं. पोलिसांसारखा गणवेश घालणं हा गुन्हा आहे.

बंदुकीचं काय? सेवेतलं शस्त्र निवृत्तीबरोबर जमा होतं. पुढे 1959 च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना लागतो.

आणि बंदूक असली म्हणजे मुलं वाचतात असंही नाही. 14 फेब्रुवारी 2018 ला अमेरिकेत पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा सशस्त्र पोलीस अधिकारी हजर होता. तो इमारतीबाहेरच थांबला, 17 जण मारले गेले. शाळेला निवृत्त पोलिसाची अनुभवी नजर हवी, त्याची बंदूक नको.