महागड्या पेन्सिलीचं लाकूड
रोजच्या वापरातलं : लेखांक 9

गेल्या आठवड्यात शाईच्या पेनांवर लिहिताना पेन्सिल राहून गेली. बदलापूर लोकलच्या डब्यात कुणी दोनशे-अडीचशे रुपयांची पेन्सिल बाहेर काढली, तर शेजारचे आधी किंमत विचारतील आणि मग हसतील. कोपऱ्यावरच्या दुकानात दहा रुपयांच्या आत नटराज मिळत असताना हे वरचे पैसे कशाचे? बरेचसे लाकडाचे.

अंबरनाथकरांना हे पटकन कळावं. विम्को नाक्याला नाव देणारी विम्को ही 1923मध्ये स्वीडिश भांडवलावर उभी राहिलेली काडेपेट्यांची कंपनी. काडीला मऊ, हलकं, सरळ चिरणारं लाकूड लागतं. म्हणून या कंपनीने पुढे उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणातल्या शेतकऱ्यांना पॉपलरची रोपं पुरवली. पॉपलर आपल्या पेन्सिलींनाही चालतो. काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातल्या उखू गावात त्याच्या पट्ट्या कापल्या जातात आणि तिथून पेन्सिल कारखान्यांकडे जातात. पट्टीवर खाचा पाडायच्या, खाचांत शिसं ठेवायचं, वर तशीच दुसरी पट्टी चिकटवायची आणि मग एकेक पेन्सिल कापून काढायची. स्वस्त असो की महाग, पद्धत हीच.

फरक असा, की ब्लॅकविंगसारख्या महाग पेन्सिलीत कॅलिफोर्नियातला इन्सेन्स सिडर असतो. त्याचे धागे इतके एकसारखे, की पातं कुठे अडत नाही. साल एका लांब फितीसारखी निघते आणि बोटांना मंद वास राहतो. स्वस्त पेन्सिलीत पातं अडतं, लाकूड तुटतं, आणि शिसं मधोमध नसेल तर टोकाची एक बाजू लाकडानेच झाकलेली राहते. पेन्सिल कितीचीही असो, घेताना मागचं टोक डोळ्यांसमोर धरून काळा ठिपका मध्यावर आहे का, एवढं बघावं.

शिशाचं सूत्र जुनंच आहे : ग्राफाइट आणि माती एकत्र भाजण्याची कृती फ्रान्समध्ये कोंते याने 1795 साली पेटंट केली. माती जास्त तर पेन्सिल कडक (एच), ग्राफाइट जास्त तर काळी (बी). महाग पेन्सिलीत हे मिश्रण अधिक बारीक दळलेलं असतं, त्यामुळे कागदावर खरखर होत नाही. जपानच्या मित्सुबिशीची 1966मध्ये आलेली हाय-युनी 10एचपासून 10बीपर्यंत 22 प्रतींत मिळते. जपानी एचबी युरोपातल्या एचबीपेक्षा सहसा गडद उतरते, हे मागवण्याआधी लक्षात ठेवावं.

आपल्याकडे जुलैत वहीचे कागद दमट होतात. त्यांवर एचबी फिकी दिसते आणि रुतते. बी किंवा 2बी घ्यावी. वही भिजलीच, तर बऱ्याच पेनांची शाई पसरते, पेन्सिलीचं अक्षर मात्र कागद वाळल्यावर जागच्या जागी असतं. उल्हास नदीकाठी राहणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण सगळ्यांनी महागडी पेन्सिल घ्यावी, असं मी म्हणणार नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात प्लायवूडवर दाबून खूण करणाऱ्या सुताराच्या कानावर स्वस्त पेन्सिलच शोभते. रोज पानभर लिहिणाऱ्याने मात्र एक घेऊन पाहावी. आणि घेतली की तासावी. डझनाचा डबा कपाटात जपून ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अर्थात, त्यांच्याकडे एक सबळ कारण आहे : मूळची, 1934ची ब्लॅकविंग 602 खप घटल्यामुळे 1998मध्ये बंद पडली, आणि उरलेल्या एकेका पेन्सिलीला तीस-चाळीस डॉलर मोजले गेले. 2010मध्ये ब्लॅकविंग नव्या कंपनीकडून परत आली. आता ती साठवण्यात काय अर्थ?

वापरताना दोन गोष्टी लागतात. एक, धारदार पातं. शाळेच्या दप्तरातलं बोथट शार्पनर सिडरचंही वाटोळं करतं. दुसरी, टोकावर धातूची टोपी, नाहीतर संध्याकाळच्या गर्दीत शिसं खिशातच मोडतं. पेन्सिल बोटभर उरली की लांबी वाढवणारी नळी बाजारात मिळते. ग्राफ फॉन फाबर-कास्टेल ही जर्मन कंपनी तर शार्पनर पोटात असलेली, पेन्सिलीची लांबीही वाढवणारी टोपी हजारो रुपयांना विकते. रिकाम्या बॉलपेनच्या नळीत तुकडा खुपसून आपण शाळेत तेच काम फुकटात करायचो, आणि अजूनही करायला हरकत नाही.